उठेल त्याचा होकार

युहान्नुसच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाच्या, सकाळी हिल्काने नव्या बाकावरून तळहात फिरवला आणि तिला हायसं वाटलं. बाक कोरडं होतं. नुसतं कोरडं नाही, चकाकत होतं. जवसाच्या तेलाला अशी चकाकी येते का, असा एक प्रश्न तिच्या मनाच्या दाराशी आला; पण त्या दिवशी मनात इतकी दाटी होती की त्याला टेकायला जागा मिळाली नाही, आणि तो आल्या पावली निघून गेला.

आज घराचा निकाल लागायचा होता. बाप कालेर्वो गेल्यानंतरचं हे पहिलंच युहान्नुस. थोरला भाऊ ओइवा हेल्सिंकीहून बायकोला घेऊन आला होता आणि येताना घरासाठी एका दंतवैद्याचं मागणं घेऊन आला होता. लग्नाच्या मुलीला स्थळ सांगून यावं तसं ते मागणं होतं. माणसं चांगली, घरंदाज, तळ्याकाठची सगळी वास्तू आहे तशी पसंत: राहतं घर, साउनाची वाफेची खोली, होडीची खोप, बर्चच्या झाडांची रांग. फक्त होकार तेवढा हवा. तो आज जेवताना घ्यायचा होता आणि दंतवैद्याला फोन करून कळवायचा होता.

होकार घ्यायची या घराची रीत कालेर्वोने घालून दिलेली. साव्होच्या, म्हणजे या तळ्यांच्या मुलुखातल्या, माणसाच्या तोंडून सरळ ‘हो’ निघत नाही आणि ‘नाही’ तर त्याहून निघत नाही. बोलणारा बोलून मोकळा होतो, त्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी ऐकणाऱ्याची. कालेर्वो स्वतः असाच होता. पण तो, बायको आणि तीन मुलं अशी पाच साव्होची तोंडं एका टेबलाशी बसली की बाहेरच्या संडासाची जागा बदलायची की नाही एवढंसुद्धा ठरेना. तेव्हा त्याने नेम केला: बोलायचं नाही. विषय मांडायचा. ज्याला पटेल त्याने बसल्या जागेवरून उठायचं. अर्धे उठले तरी पुरे, पण त्या अर्ध्यांत आई असली पाहिजे. विषय मांडणाऱ्याने सगळ्यांत शेवटी उठायचं, म्हणजे कुणावर दडपण नको. आणि उठणं म्हणजे बूड लाकडापासून सुटलं पाहिजे; नुसतं पुढे झुकलेलं चालणार नाही. संडास असा हलला. होडीचं इंजिन असं आलं. ओइवाने मार्केटाशी लग्न करावं का, तेही असंच ठरलं. त्या वेळी आई उठली होती, बाकीचे नुसते बघत होते, आणि कालेर्वो तंबाखू आणायला म्हणून उठला. रीत म्हणजे रीत. ते उठणं मोजलं गेलं.

हिल्काने रात्रभर मनातल्या मनात डोकी मोजली होती. मतं आता चार. ओइवा उठणार, विषयच त्याचा. ती स्वतः उठणार नाही, घराला आग लागली तरी. राहिली आई आणि धाकटा भाऊ ऐमो. आईचं काही सांगता यायचं नाही. आउनेबाईंनी ब्याऐंशी वर्षांत आपल्या मनाचा थांगपत्ता कुणाला लागू दिला नव्हता. पण ऐमोची तिला खात्री होती. गेला सबंध वसंत ते दोघं इथे बाक बनवत होते. बाबांनी शेवटच्या धडधाकट हिवाळ्यात पाडून खोपीच्या वळचणीला वाळत ठेवलेला पाइनचा ओंडका दोघांनी पाचरी ठोकून उभा चिरला होता. दोन मुठींच्या सुरीने साल सोलली, कुऱ्हाडीने पाठ ताशीव केली, वरून रंधा मारला, गिरमिटाने भोकं पाडून बर्चचे वाकडेतिकडे पाय ठोकून बसवले. टेबल झालं, बाक झालं. बाकाच्या एका टोकाला बाबांनी कुऱ्हाडीने पाडलेली घराण्याची खूण होती, एकमेकींत अडकलेल्या दोन फुल्या. ऐमो ते टोक कापून टाकायला निघाला होता, हिल्काने त्याच्या हातातली करवत काढून घेतली. असं एकत्र काम केलेला माणूस घर विकायला उठेल का? तिला तसं वाटत नव्हतं.

एक वाजता सगळे जेवायला अंगणात आले. बाक तळ्याकडे तोंड करून मांडलेलं, त्यामुळे सगळे एकाच बाजूला बसले. तळं समोर असताना पाठ करून बसायला कुणी तयार नसतं. हिल्का, तिच्या शेजारी ऐमो, मग पांढरीशुभ्र विजार घालून आलेली मार्केटा, आणि पलीकडच्या टोकाला ओइवा. आउनेबाई टेबलाच्या डोक्याशी, स्वयंपाकघरातून आणलेल्या आपल्या खुर्चीवर. ऊन स्वच्छ पडलं होतं आणि बाक सकाळपासून त्यात तापत होतं.

“बाक छान झालंय,” मार्केटा म्हणाली. “फोटोत फार उठून दिसेल.”

“फोटो कशाला?” हिल्काने विचारलं.

“अगं, असेच. आठवण.”

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. आउनेबाईंनी कलाकुक्को कापला. राईच्या जाड भाकरीच्या पोटातले शिजून मऊ झालेले मासे वाफाळत बाहेर आले.

पहिली कुणकुण हिल्काला मिठावरून लागली. मार्केटा ही कुणाकडे काही मागणारी बाई नव्हे. तिला मीठ हवं असलं तर ती चौघांच्या पानांवरून हात लांबवून घेते. आज ती अर्धवट पुढे झाली, थबकली, चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, आणि ती जपून मागे बसली.

“ऐमो, मीठ देशील का, प्लीज?”

लग्न झाल्यापासून मार्केटाने या घरात ‘प्लीज’ म्हटल्याचं हिल्काच्या ऐकिवात नव्हतं. बाई आजारी आहे की काय, अशा विचाराने तिच्याकडे नीट बघायला हिल्का वळली. म्हणजे कमरेच्या वरची हिल्का वळली. स्कर्ट जागच्या जागी राहिला.

तिने डाव्या बाजूने उचलून पाहिलं. उजव्या बाजूने उचलून पाहिलं. खालून च्युइंगगम ताणल्यासारखा बारीक आवाज आला. तिने चटकन सुरी आपटून तो दाबला आणि घाम फुटलेल्या चेहऱ्याने बटाटा सोलायला घेतला. माझ्याच हातून झालंय हे, तिच्या मनात आलं. बुधवारी मी लावलेलं तेल वाळलंच नाही. आणि आजच, या माणसांसमोर. आता निदान जेवण होईपर्यंत गप्प बसावं. इतरांना कळू नये.

बाकावरची तिघं माणसं हाच विचार करत होती, हे तिला कसं कळावं?

ओइवाने काटा खाली ठेवला. हेल्सिंकीत त्याचा जन्म गेला होता आणि तिथे राहून तो सरळ बोलायला शिकला होता. ‘हो’ला हो आणि ‘नाही’ला नाही. त्याचा त्याला अभिमान होता, आणि घरच्यांना थोडी लाज.

“मी सरळ बोलतो,” तो म्हणाला. “घर म्हातारं झालंय. छत गळतंय. आई हिवाळाभर कुओपिओ शहरातल्या फ्लॅटमध्ये असते. मला वर्षातून एकदा जमतं. माणसं चांगली मिळालीत, पुढे अशी मिळतील न मिळतील. विषय असा, की घर द्यावं. बाबांच्या रीतीने. ज्याला पटतंय त्याने उठावं. मी शेवटी उठेन.”

तळ्यावर कुणाची तरी होडी फटफटत गेली. कुणी हललं नाही.

ऐमो बसून होता. खांद्याला खांदा लावून, सरळ समोर तळ्याकडे बघत, दगडासारखा बसून होता. तिला त्याचा हात हातात घ्यावासा वाटला.

“मी उठतोय,” ऐमो म्हणाला.

तो बसलेलाच होता.

“काय करतोयस?” ओइवाने विचारलं.

“उठतोय.”

“कधी?”

“आत्ता. उठायला सुरुवात केली आहे.” ऐमोने दोन्ही तळवे टेबलावर टेकवले, मान ताठ केली, आणि त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. बाकाच्या लाकडातून एक लांब, चिकट उसासा निघाला. बाक हललं. बाकावरचे चौघे हलले. ऐमो आला तसा खाली गेला.

“मनाने मी उभा आहे,” तो म्हणाला.

हिल्काला एकाच क्षणी दोन गोष्टी कळल्या. एक, ऐमोही चिकटलेला आहे. दुसरी, चिकटला नसता तर तो उठला असता. दुसरीने तिला इतकं लागलं की पहिलीचं हसू आलं नाही.

“तू उठत होतास?” ती म्हणाली. “तू?”

“हे लाकूड मला धरून बसलंय,” ऐमो हळूच म्हणाला.

“मलाही,” मार्केटा म्हणाली, आणि तिने चेहरा ओंजळीत घेतला. “मिठाच्या वेळेपासून. ही विजार मी इटलीहून आणली होती.”

मग सगळं बाहेर आलं. आधी ऐमोचं: झाडाचं डांबर, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन सारख्या मापाने मिसळून त्याने रीतीप्रमाणे दोन हात दिले होते, जास्तीचं फडक्याने पुसून घेतलं होतं. मग हिल्काचं: बुधवारी तिने आणखी एक हात दिला, जाडसर, आणि पुसायच्या आत आईने माशांची जाळी साफ करायला हाक मारली, ते पुसायचं राहूनच गेलं.

“पण मी लावलं होतं ना,” ऐमो म्हणाला.

“मी तुला फोन करून विचारलं होतं. ऐमो, बाकाला तेल लावलंस का? काय म्हणालास तू?”

“काय म्हणालो?”

“लावलं असेल, नसेलही. बघणाऱ्याला दिसेल.”

“मग बघायचं होतंस.”

“डांबराचं लाकूड काळंच दिसतं, ऐमो. एक हात काळं, तीन हात काळं.”

“पण ते वरून कोरडं लागत होतं,” मार्केटा म्हणाली. “मी हात लावून बसले. असं कसं?”

मग ओइवा खाकरला.

“काल आल्यावर मी एक हात मारला,” तो म्हणाला. “होडीला लावतात त्या वॉर्निशचा. डबा गाडीत होता.”

“ओल्या तेलावर वॉर्निश?” हिल्का म्हणाली.

“ओलं आहे हे मला कुणी सांगितलं? मी ऐमोला सरळ विचारलं, बाक तयार आहे का? तो म्हणाला, तयार व्हायच्या वाटेवर आहे.”

“होतंच,” ऐमो म्हणाला.

“फोटोत चकाकावं म्हणून मीच सांगितलं,” मार्केटा ओंजळीतूनच म्हणाली.

म्हणजे वर वॉर्निशची साय, खाली हिल्काचं न पुसलेलं तेल, आणि वरून चार भरल्या देहांची ऊब. साय फुटून सगळं बाहेर आलं होतं. आउनेबाईंनी बटाट्याच्या पातेल्यात डोकावून पाहिलं. पातेलं रिकामं होतं. त्यांनी एप्रन सारखा केला, खुर्चीच्या हातावर भार दिला, आणि त्या उठल्या.



“आई उठल्या,” मार्केटा म्हणाली.

“बटाटे संपलेत,” आउनेबाई म्हणाल्या.

“पण उठलात.”

“बसून बटाटे येत असते तर बसले असते.”

“ते धरायचं नाही,” हिल्का म्हणाली. “आई बटाट्यासाठी उठली आहे.”

मार्केटाने मान वर केली. डोळ्यांचं काजळ गालापर्यंत आलं होतं, पण आवाज एखाद्या वकिलासारखा होता. “या घरात माझ्या उठण्याबसण्याला किंमत नाही, ते मला माहीत आहे. सुनेला मत नाही, ठीक आहे. पण माझं लग्न तुमचे बाबा तंबाखू आणायला उठले म्हणून झालं. ते उठणं धरलंत. तंबाखूसाठी उठलेलं धरायचं आणि बटाट्यासाठी उठलेलं नाही धरायचं, तर मग मी या घरात इतकी वर्षं कोण म्हणून राहिले?”

ऐमोसुद्धा मान डोलावत राहिला, कारण मुद्दा बिनतोड होता.

“आई,” ओइवा म्हणाला, “सरळ सांग. तू घरासाठी उठलीस की बटाट्यासाठी?”

“उठताना माझे गुडघे इतके बोलतात,” आउनेबाई म्हणाल्या, “की बाकीचं काही मला ऐकू येत नाही.” आणि त्या पातेलं घेऊन आत गेल्या.

“धरायचं म्हटलं तर,” ऐमो सावकाश हिशेब लावत म्हणाला, “आई एक. आता आणखी एक उठला की झालं.”

“तू मोजू नकोस,” हिल्का म्हणाली.

तिच्या मानेवर डास बसला. तिने तो मारला नाही. ऐमोने मारला. त्याच हाताने, न विचारता, त्याने मार्केटाच्या पाठीवरचाही एक मारला आणि मार्केटाने मानेनेच आभार मानले. इतक्या वर्षांत या दोघांनी एकमेकांना सणाच्या शुभेच्छांपलीकडे काही दिलं नव्हतं.

“ऐमो,” हिल्का म्हणाली. तिला आता रागही आवरत नव्हता आणि रडूही. “सबंध वसंत तू माझ्याबरोबर रंधा मारलास. एक शब्द बोलला नाहीस.”

“रंधा मारताना बोलता येत नाही. भुसा तोंडात जातो.”

“का उठत होतास?”

ऐमोने तळ्याकडे पाहिलं. “छतावरचा बर्फ.”

“काय छतावरचा बर्फ?”

“तुम्ही बर्फ वितळला की येता. बर्फ हिवाळ्यात येतो. घराचं छत, साउनाचं छत, खोपीचं छत. मी वर चढतो आणि फावडं मारतो, खाली उतरलो की पुन्हा पडायला लागतो. मागच्या फेब्रुवारीत पाठ धरली तेव्हा संध्याकाळपर्यंत छतावर आडवा होतो. आकाश चांगलं दिसत होतं, ते एक.”

“सांगायचं नाही का रे?”

“सांगितलं होतं.”

“कधी?”

“नाताळात, कुओपिओला. मी म्हणालो होतो, यंदा बर्फ जड आहे.”

हिल्काला तो नाताळ आठवला. ऐमो खरंच तसं म्हणाला होता. तिने त्यावर, हो ना, दिसायला किती सुंदर आहे, असं म्हणून त्याला आणखी कॉफी दिली होती. साव्होत जन्म काढून तिला तिच्या भावाचं बोलणं समजलं नव्हतं. बर्फ जड आहे म्हणजे मी थकलोय. त्याने याहून जास्त आक्रोश तो काय करायचा?

“मी येईन,” ती म्हणाली. “हिवाळ्यात. दर शनिवारी. मला चढता येतं.”

“तुला शिडीवर चक्कर येते.”

“येऊ दे. डोळे मिटून चढेन.”

ऐमो तिच्याकडे थोडा कलला. चिकटलेल्या माणसाला जितकं कलता येतं तितकाच.

तेवढ्यात खिडकीच्या चौकटीवर ठेवलेला ओइवाचा फोन वाजायला लागला. दंतवैद्याला दम निघत नव्हता. चौघांनी फोनकडे पाहिलं. फोन हातभराच्या पलीकडे होता, म्हणजे आजच्या दिवशी स्वीडनमध्येच. आउनेबाई बटाटे घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनीच तो उचलला.

“हो, मी आई. नाही, तो इथेच आहे, बसलाय. येऊ शकत नाही. नाही, तब्येत चांगली आहे. सगळेच बसलेत.” त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. “ठरलं म्हटलं तर ठरल्यासारखं आहे. न ठरल्यासारखंही आहे. माझं म्हणाल तर मी उभी आहे, पण हातात पातेलं आहे.” पुन्हा ऐकलं. “दात चांगले आहेत, आभारी आहे.” त्यांनी फोन ठेवला. “बिचारा गोंधळलेला वाटतो. बटाटे घ्या.”

त्या बसल्या नाहीत. पातेलं पोटाशी धरून टेबलाच्या डोक्याशी उभ्याच राहिल्या. आता त्या बटाट्यासाठी उभ्या होत्या, असं कुणाला म्हणता येईना.

सगळ्यांच्या माना ओइवाकडे वळल्या.

आई उभी होती. रीतीप्रमाणे आता शेवटचा मान मांडणाऱ्याचा. तो उठला की अर्धे झाले, आणि अर्ध्यांत आई होती. तेवढ्यावर घर गेलं. हिल्काने टेबलाची कड धरली. नव्या रंध्याखालचं ते लाकूड अजून जिवंत असल्यासारखं गरम होतं.

ओइवाने गुडघ्यांवर हात ठेवले. तो पुढे झुकला. बराच वेळ तसाच झुकून राहिला. तळ्यावरून वारा आला, सणासाठी दाराशी बांधलेल्या बर्चच्या डहाळ्या सळसळल्या. मग त्याचा एक हात गुडघ्यावरून घसरला आणि मांडीशेजारी बाकाच्या टोकावर जाऊन थांबला. हिल्काला वाटलं, तो जोर लावायला आधार शोधतोय.

“नाही,” तो म्हणाला. “मीही चिकटलोय.”

“थोडा जोर लाव,” मार्केटा म्हणाली.

“लावला.”

“तू लावलास असं दिसलं नाही.”

“आतून लावला.”

“मग झालं,” आउनेबाई म्हणाल्या. “पुढच्या युहान्नुसला बघू.” आणि त्या बसल्या. बसताना गुडघे बोलले, पण या वेळी त्यांनी ते ऐकलं नाही.

सुटकेचा पहिला प्रयत्न लोण्याने झाला. आउनेबाईंनी बटाट्यांसाठी पातळ केलेलं सगळं लोणी बाकाच्या फटीफटीतून, एकेका माणसाच्या कडेने, पळीने सोडलं. डांबर लोण्याला दाद देतं, वॉर्निश देत नाही. एवढंच झालं की आता सगळे चिकटलेले होते आणि वर लोण्यात होते, आणि डासांच्या जोडीला माश्या आल्या.

“कपडे सोडा,” शेवटी आउनेबाई म्हणाल्या. “माणसं वाचली तरी पुष्कळ.”

त्यांनी चादरी आणल्या. सगळ्यांनी तळ्याकडे बघायचं असं ठरलं, आणि एकेक जण आपापल्या बटणांतून, हुकांतून आणि चेनमधून निसटला. मार्केटा चादर गुंडाळून उभी राहिली तेव्हा हसत होती; हसता हसता तिला उचकी लागली, आणि आउनेबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली, थोडी जोरात, थोडी मायेने. ऐमोने साउना पेटवून ठेवलाच होता. बाया आधी गेल्या, मग पुरुष. बाकड्यांवर घाम गाळत बसल्या असताना आउनेबाईंनी सुनेला म्हटलं, “तू चांगलं बोललीस गं, तंबाखूचं.”

“मग मला मत द्या,” मार्केटा म्हणाली.

“बघू,” आउनेबाई म्हणाल्या, आणि मार्केटाने कपाळाला हात लावला. पण मग तिने, साउनात करतात तसं, सासूच्या पाठीवर बर्चची ओली डहाळी हलकेच आपटली.

हिल्का आईचा जुना झगा चढवून आधी बाहेर आली. अंगण शांत होतं. बाकावर कपडे बसले होते. तिचा स्कर्ट, ऐमोची विजार, मार्केटाची पांढरी विजार, जी आता पांढरी राहिली नव्हती. तिन्ही तळ्याकडे तोंड करून, गुडघे मोडून, जणू जेवण झाल्यावर जरा गप्पा मारत बसलेली माणसं. तिला त्यांची दया आली.

ती धारेचा पत्रा घेऊन खरवडायला बसली. सगळंच काढायला लागणार होतं, वॉर्निश, तेल, डांबर, पार खालच्या लाकडापर्यंत. मग पुन्हा पातळ हात, पुसणं, वाट बघणं. उन्हाळा जाणार होता यात. तिने आपला स्कर्ट सोलून काढला. ऐमोची विजार निघाली, त्यातला थोडा ऐमो बाकावर राहिला. मार्केटाची दोन तुकड्यांत निघाली.

मग ती पलीकडच्या टोकाला आली आणि थांबली.

तिथे काही नव्हतं. चौथी विजार नव्हती. धागा नव्हता, तेल नव्हतं, चकाकी नव्हती. हातभर लाकूड टर्पेंटाइनने पुसून, घासून, अगदी कोरडं केलेलं होतं; कालच्या वॉर्निशचा ब्रश त्याच्या अलीकडेच थांबला होता. तिने तळहात ठेवला. स्वच्छ पाइन, मऊ, उन्हाने कोमट. आणि मधोमध कुऱ्हाडीच्या घावांच्या दोन फुल्या, एकमेकींत अडकलेल्या. बुधवारी तिने स्वतः त्या डांबराने भरून टाकल्या होत्या. कुणीतरी बारीक काडीने एकेक घाव कोरून मोकळा केला होता.

साउनाचं दार वाजलं. ओइवा पायऱ्या उतरून येत होता. लालबुंद, केस ओले, आणि अंगात तीच करड्या रंगाची विजार, जी तो सकाळपासून घालून होता. तो तिच्याजवळून पुढे गेला, पाणी प्यायला वाकला, आणि हिल्काने त्याची विजार मागून नीट पाहिली. एक डाग नव्हता.

“ओइवा,” ती म्हणाली.

“हं.”

“तू चिकटला होतास ना?”

ओइवाने पाणी संपवलं. पेला टेबलावर उपडा ठेवला. तिच्या हाताकडे पाहिलं, हाताखालच्या फुल्यांकडे पाहिलं, मग तळ्याकडे, जिथे ऐमो अंघोळीसाठी धक्क्यावरून सावकाश पाण्यात उतरत होता, पाठीला एक हात लावून.

“असेन,” तो म्हणाला. “नसेनही. ऐकणाऱ्याने काय ते समजावं.”

चाळीस वर्षांत तो पहिल्यांदा घरच्यासारखं बोलला होता. खोपीच्या दाराशी दुसरा पत्रा टांगलेला होता, तो हिल्काने काढून त्याला दिला. ओइवा बाकाच्या मध्याशी गेला, ऐमोच्या जागेपाशी, आणि उकिडवा बसून वॉर्निश खरवडायला लागला. तो बाकावर मात्र बसला नाही.